आधी बंद, मग मंजूर

आमच्या इस्पितळाचं स्वयंपाकघर विधानसभेने बंद केलं, असं मी सांगते तेव्हा ऐकणाऱ्याला ती थट्टा वाटते. पनवेलच्या एका सरकारी इस्पितळातल्या चुलीत पाणी ओतण्याखेरीज विधानसभेला काय दुसरे उद्योग नव्हते? पण झालं ते तसंच झालं. आणि ते करणारी माणसं चोर नव्हती, लबाड नव्हती. तेच मला अजून गिळवत नाही. चोर असती तर एवढ्या वर्षांत मी त्यांना शिव्या देऊन मोकळी झाले असते.

इस्पितळ तसं लहानच. मुंबईच्या एका वैद्यकीय कॉलेजची ती खेड्यातली शाखा. गावाबाहेर, लढाईच्या काळात बांधलेल्या लांबट बराकींमध्ये आमचे वॉर्ड होते. शेवटच्या वर्षाची मुलं तुकड्यातुकड्यांनी कॉलेजच्या बसमधून यायची, बराकीतच राहायची, आणि खेड्यातला रोगी कसा असतो ते शिकून परत जायची. मी तिथे वॉर्डची सिस्टर होते. जन्म पनवेलचाच. मुंबईत नर्सिंग शिकून तिथेच नोकरी धरली होती, पण वडिलांचं अर्धं अंग लुळं पडलं आणि मी बदली मागून घरी आले. सगळे म्हणाले, मुंबई सोडून इथे मरायला कशाला आलीस. मला मात्र ते इस्पितळ आवडलं होतं. त्याचं कारण आमचे डॉक्टर.

डॉक्टर वऱ्हाडातले. सडपातळ, तापट, बोलायला लागले की समोरच्याला बाजूला सारून पुढे जाणारे. ते कॉलेजात शिकवायचे आणि या शाखेचे प्रमुखही होते. सुरुवातीला त्यांचा सगळा राग कातकऱ्यांवर निघायचा. माथेरानच्या डोंगराखालच्या वाड्यांमधून कातकरी येत. ताप, खोकला, आणि कोळशाच्या भट्टीवर भाजलेली माणसं तर पुष्कळच. एक दोन दिवस राहायचे आणि सकाळी राउंडला जावं तर खाट रिकामी. औषध अर्धं, जखम उघडी, रोगी पसार.

"यांना बरं व्हायचंच नाही," डॉक्टर चरफडायचे.

मग एकदा ते चिडून स्वतःच एका वाडीवर गेले. मलाही बरोबर नेलं. न्यूमोनियातून जेमतेम उठलेला एक पोरगा त्याच्या बापाने उचलून नेला होता, त्याच्या मागावर. पोरगा झोपडीसमोर उन्हात बसला होता. डॉक्टर बापावर ओरडले. बाप उकिडवा बसून खाली बघत ऐकत राहिला. ओरडून डॉक्टर दमले, तेव्हा तो म्हणाला, "पोराला तुमी भात देता साहेब. मी तिथं बसलो त मला कोन देल? आन हिकडं ह्या बाकीच्यांना?"

त्यात तक्रार नव्हती, सांगणं होतं. ज्या दिवशी काम नाही त्या दिवशी जेवण नाही, हे त्याला इतकं उघड होतं की शिकलेल्या माणसाला ते सांगावं लागतंय याचंच त्याला नवल वाटलं असावं. दुसऱ्या दिवशी त्यांनी हुकूम काढला. डोंगरातून येणाऱ्या रोग्याबरोबर जे कुणी राहील, त्याला आणि त्याच्या लहान मुलांना इस्पितळाच्या स्वयंपाकघरातून जेवण. सरकारी नियमात अन्न फक्त रोग्याला होतं. डॉक्टरांनी वर मुंबईला कळवलं, मंजुरी मागितली. उत्तर आलं नाही. पुन्हा कळवलं. पुन्हा नाही.

"नाही म्हणत नाहीत ना?" ते म्हणाले. "मग चालू द्या." आणि तो खर्च कुठेही न लपवता, रोग्यांच्या नातेवाइकांचं जेवण म्हणूनच दाखवला जाऊ लागला.

स्वयंपाकाला रोडपालीची एक आगरी बाई होती, रोजंदारीवर. नवरा मिठागरात काम करता करता गेलेला, मूल नाही. आठवडाभर स्वयंपाकघरामागच्या खोलीत राहायची, सुट्टीला गावी जायची. आवाज असा की वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जावा. ती काही देवमाणूस नव्हती. कातकऱ्यांना पंगतीला बसवायचं म्हटल्यावर तिने आधी भांडणच काढलं होतं. "ती उंदरं खानारी मानसं माझ्या चुलीशी नाय बसायची," म्हणून तिने त्यांना लांब, आंब्याखाली बसवलं. ताटात वरून टाकायची, हात लागू द्यायची नाही. मग पाऊसकाळ आला, आंब्याखाली चिखल झाला, आणि ती स्वतःच ओरडली, "आता तिकडं काय भिजत बसता? या आत!" तेव्हापासून ती सगळी आत बसू लागली. जाडा भात, वालाची आमटी, कधी भोपळ्याची भाजी. लेकुरवाळ्या बाईला ती दुसऱ्यांदा भात वाढायची आणि कुरकुरायची, "खा गं, दूध कशाचं येल, हाडांचं?" मला ती बाय म्हणायची. डॉक्टरांना साहेब म्हणायची आणि त्यांच्यावरही ओरडायची.

आणि खाटा रिकाम्या पडायच्या थांबल्या. इतकी साधी गोष्ट. रोगी राहू लागले. भाजलेल्या जखमा खालून वर भरत कशा येतात, हे विद्यार्थ्यांना पहिल्यांदा पूर्ण बघायला मिळालं. डॉक्टर प्रत्येक नव्या तुकडीला पहिल्याच दिवशी पंगतीत भात वाढायला लावायचे. मुंबईची ती मुलं-मुली आधी नाकं मुरडायची. महिना संपेपर्यंत त्यातली निदान काही जणं बदलून जायची. मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे.

दोन पावसाळे असे गेले असतील. मग कुणा हिशेब तपासनिसाने त्या जेवणावर शेरा मारला, तो शेरा वर गेला, आणि एक दिवस कळलं की सरकारी इस्पितळांचा कारभार आणि खर्च तपासायला विधानसभेच्या सभासदांची एक समिती हिंडते आहे, ती पनवेलला येणार. जिल्ह्याचे अधिकारी धास्तावले. भिंतींना चुना मारा, नातेवाइकांना त्या दिवशी घरी पाठवा, असा निरोप आला. डॉक्टरांनी चुना आणलेल्या माणसाला परत धाडलं.

"सिस्टर, मला हेच हवं होतं," ते म्हणाले. मी त्यांना इतकं खुशीत कधी पाहिलं नव्हतं. "आपली पत्रं कुणी वाचत नाही. आता लोकांनी निवडून दिलेली माणसं येऊन डोळ्यांनी बघतील. ज्यांच्या सहीने पैसा सुटतो तीच माणसं!"

त्यांचा विधानसभेवर भाबडा विश्वास होता. खरं तर तो त्या काळात आम्हा सगळ्यांचाच होता. राज्य आपलं, आमदार आपले.

त्या दिवसांत वॉर्डात एक कातकरी मुलगी होती. सातेक वर्षांची असेल. कोळशाची भट्टी वरून मातीने लिंपलेली असते, आत निखारा. पोरगी खेळता खेळता वर चढली, माती खचली आणि ती मांड्यांपर्यंत आत गेली. दोन्ही पाय भाजले होते. आई अंगावरचं मूल घेऊन तिच्याजवळ राहिली, बाप भट्टीवर परतला. जखमा भरत आल्या होत्या, पण अशी जखम भरताना कातडी ओढली जाते आणि सांधा आखडतो. म्हणून गुडघे सरळ ठेवून मागून फळ्या बांधलेल्या. रोज पट्टी बदलताना ती मला नवनव्या शिव्या द्यायची. नंतर मात्र माझ्या घड्याळाशी खेळायची. आणखी दोन-तीन महिने इथे राहिली तर ती चालत घरी जाईल, हे डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, समितीलाही सांगितलं.

समिती मोटारींतून आली. पाच-सहा सभासद, मागे अधिकारी. अध्यक्ष खादीतले, साठीच्या आसपासचे, बेचाळीसला तुरुंगात गेलेले. आवाज मऊ. तेव्हा द्वैभाषिक राज्य होतं, त्यामुळे गुजरातकडचेही सभासद होते. त्यातले एक काळी टोपी घातलेले व्यापारी गृहस्थ सगळ्यांत जास्त प्रश्न विचारत होते. लाकूड कुठून घेता, ओलं की सुकं, तांदूळ गिरणीतून थेट का घेत नाही. मला वाटलं, घात करणार तो हाच.

मुलांच्या व्याख्यानाच्या खोलीत त्यांनी साक्षी घेतल्या. अध्यक्षांनी डॉक्टरांना विचारलं, "या जेवणाला सरकारची मंजुरी आहे?"

"नाही. मागितली आहे. उत्तर नाही."

"तरी चालू आहे."

"रोग मंजुरीची वाट बघत नाही, साहेब."

एका सभासदांनी विचारलं, "एकच रोगी इतके दिवस खाट अडवून बसतो. शिकवण्याच्या इस्पितळात जास्त रोगी आले-गेले तर विद्यार्थ्यांना जास्त बघायला मिळणार नाही का?"

"मिळेल," डॉक्टर म्हणाले. "रोज नवीन जखम बघायला मिळेल. बरी झालेली एकही नाही."

मग माझी पाळी आली. अध्यक्ष आदराने म्हणाले, "बसा बाई. नातेवाइकांना जेवण दिलं नाही तर काय होईल, तुमच्या अनुभवावरून सांगा."

"ते रोग्याला घेऊन जातील," मी म्हणाले.

"सगळे?"

"डोंगरातले बहुतेक सगळे. पूर्वी तसंच व्हायचं."

त्यांनी मान हलवली. मी खरं तेच सांगितलं, आणि त्यांनी ते नीट ऐकून घेतलं. मला त्या दिवसाचा पश्चात्ताप नाही. खरं सांगून काही होतं, अशी माझी समजूत होती, ती तिथे संपायला सुरुवात झाली इतकंच.

अधिकाऱ्यांनी डाकबंगल्यात जेवण ठेवलं होतं. अध्यक्ष म्हणाले, मी इथेच जेवणार. आणि खरोखर ते स्वयंपाकघरात जमिनीवर बसले, कातकऱ्यांच्या पंगतीत, त्या भाजलेल्या मुलीच्या आईशेजारी. काळ्या टोपीचे गृहस्थही बसले. आमची आगरी बाई त्या दिवशी प्रथमच गप्प होती. डोक्यावरून पदर घेऊन तिने वाढलं. अध्यक्षांनी आमटी पुन्हा मागितली, तेव्हा तिचा चेहरा असा फुलला की मी तो कधी विसरणार नाही. त्यांनी मुलीच्या आईला विचारलं, "कसं आहे जेवण?" ती लाजून म्हणाली, "बरं हाय. पोटभर हाय." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खोटं पाणी नव्हतं. मी जवळ उभी होते.

मोटारीपाशी ते डॉक्टरांचा हात हातात घेऊन म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही पुण्याचं काम करता आहात. पण हे असं तुमच्या एकट्याच्या मर्जीवर चालता कामा नये. उद्या दुसरा कुणी येईल आणि मर्जीने भलतंच काही चालू करील. पैसा लोकांचा आहे. तो कुठे जायचा हे सभागृहाने ठरवायचं. हे रीतसर झालं पाहिजे."

"रीतसर करा, माझं काही म्हणणं नाही," डॉक्टर म्हणाले.

काळ्या टोपीचे गृहस्थ मोटारीत बसता बसता आपल्या गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाले, "चालतंय ते चालू द्या साहेब. आधी नवा दिवा लावा, मग जुना विझवा." अध्यक्ष हसले. "तुम्ही व्यापारी. सरकारचं तसं नसतं. बेकायदा आहे ते आधी बंद, मग मंजूर."

आम्ही ते बोलणं ऐकलं आणि त्याचा अर्थ आमच्या लक्षात आला नाही. त्या दुपारी डॉक्टरांनी विद्यार्थ्यांना पेढे वाटले.

हुकूम आला तेव्हा आंब्याला मोहोर होता. समितीने दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, नातेवाइकांना मंजुरीशिवाय दिलं जाणारं जेवण ताबडतोब थांबवावं, आणि काटकसरीसाठी रोग्यांचं जेवणही कंत्राटदाराकडे सोपवावं. दोन, दूरच्या गरीब रोग्यांच्या नातेवाइकांसाठी सरकारने कायमची तरतूद करण्याचा विचार करावा. पहिल्या गोष्टीला ताबडतोब हा शब्द होता. दुसरीला विचार. सरकारी भाषेत या दोन शब्दांत किती अंतर आहे ते मला नंतर कळलं.

डॉक्टर मुंबईला धावले. आठवडाभराने परत आले ते तोंड पाडून. "सगळे गोड बोलतात, सिस्टर," ते म्हणाले. "तरतूद होणारच आहे म्हणतात. पुढच्या अंदाजपत्रकात. तोवर मात्र एक शीतही देता येणार नाही. दिलं तर ते माझ्याकडून वसूल होईल, आणि विधानसभेचा अवमान तो वेगळाच."

त्यांनी स्वतःच्या खिशातून काही दिवस तांदूळ आणला. त्यावर लेखी समज आली की सरकारी चुलीवर खाजगी शिधा शिजवता येत नाही. मग कंत्राटदार आला. एसटी स्टँडजवळ त्याची खाणावळ होती. तिथून हातगाडीवर डबे यायचे, रोग्यापुरते मोजून. तोही काही राक्षस नव्हता. दिलेल्या दरात जे परवडत होतं ते देत होता. आमच्या स्वयंपाकघरात औषधांची रिकामी खोकी ठेवली गेली.

आगरी बाईला कंत्राटदाराने भांडी घासायला बोलावलं होतं. ती गेली नाही. जायच्या दिवशी तिने चूल सारवली. मी म्हटलं, "आता कशाला सारवता?"

"घान ठेवून नाय जायाची मी," ती म्हणाली, आणि मग पदर कमरेला खोचून माझ्यासमोर उभी राहिली. "बाय, माझ्या जेवनात काय खोट होती?"

"नाही हो. जेवणात काही नव्हती."

"मंग?"

मी तिला मंजुरी, तरतूद, सभागृह सगळं समजावलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि मान फिरवून गाठोडं उचललं. माझा निरोपही घेतला नाही.

भाजलेल्या मुलीची आई चार दिवस राहिली. मुलीला येणारं जेवण ती, ते अंगावरचं मूल आणि मुलगी, तिघं मिळून खायची. मी घरून डब्यात थोडंफार नेत होते, पण वॉर्डात तशाच आणखी बायका होत्या. एकीला दिलं की दुसरी बघायची. पाचव्या दिवशी सकाळी बाप आला. त्याने मुलीला पाठुंगळी घेतलं.

"आणखी थोडे दिवस," मी म्हणाले. "पाय वाचतील तिचे."

"भट्टीवर मानूस कमी हाय बाई," तो म्हणाला. "आन हिचं दूध आटलं. ह्यो लहाना मरंल."

मी मलमाचा डबा, पट्ट्या आणि फळ्या बांधून दिल्या. कशा बांधायच्या ते आईला दाखवलं. आई हो हो म्हणत होती. मुलगी बापाच्या पाठीवरून माझ्याकडे बघत, जाताना सुद्धा एक शिवी देऊन गेली. मी हसले, आणि मग ड्रेसिंगच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

त्यानंतर खाटा पुन्हा रिकाम्या होऊ लागल्या. त्या वर्षी कॉलेजच्या वार्षिक समारंभात मात्र आमच्या शाखेचं कौतुक झालं. खर्च घटला होता आणि रोग्यांची ये-जा वाढली होती. डॉक्टर जखम भरण्याचा धडा आता फळ्यावर रंगीत खडूने चित्र काढून शिकवत. मुलं वहीत ते उतरवून घेत.

मधे महाराष्ट्र झाला. गावात गुढ्या उभारल्या, आम्हीही वॉर्डात साखर वाटली. गुजरातचे सभासद तिकडे गेले, त्यात काळ्या टोपीचे गृहस्थही गेले. समित्या नव्याने बनल्या. डॉक्टरांनी चौकशी केली तर उत्तर आलं की, सदर शिफारस पूर्वीच्या राज्याच्या समितीची असल्याने तिच्याबाबत नव्याने विचार व्हावा लागेल. पहिली शिफारसही पूर्वीच्याच राज्याची होती, पण ती पाळून झाली होती. तिचा पुन्हा विचार करायची कुणाला गरज वाटली नाही.

आणि मग थंडी सरता सरता ती मुलगी आली. बापाने आणलं, खोकल्यासाठी. पायांसाठी नव्हेच. दोन्ही गुडघे मांडीशी वाकून चिकटले होते. ती हातांवर सरकत वॉर्डात आली, सफाईदार, जणू जन्मापासून तशीच चालते आहे. डॉक्टरांनी तिला बघितलं आणि खुर्चीवर बसले. मग म्हणाले, मुंबईला नेऊन ऑपरेशन करता येईल, महिने लागतील. बापाने विचारलं, इतके महिने तिच्याजवळ कोण बसेल? मुलगी मला ओळखून हसली. शिवी दिली नाही. खोकल्याचं औषध घेऊन ते दोघं गेले.

त्या आठवड्यात मी रजा काढून मुंबईला गेले. एकटीच, डॉक्टरांना न सांगता. एसटीने ठाण्यावरून वळसा घेत विधानसभेच्या इमारतीशी पोचले. अधिवेशन चालू होतं. दारावरच्या शिपायाने बसवून ठेवलं. दुपारी समितीचे ते अध्यक्ष आले, तेच खादीचे कपडे, तोच मऊ आवाज. आता ते समितीवर नव्हते, पण आमदार होते. त्यांनी मला लगेच ओळखलं.

"पनवेलच्या सिस्टर! या, बसा. चहा घ्या." आणि मी काही बोलायच्या आत म्हणाले, "त्या वालाच्या आमटीची चव अजून जिभेवर आहे."

मी त्यांना मुलीचं सांगितलं. सगळं. सांगताना माझा आवाज चढला असावा, कारण आजूबाजूची माणसं वळून बघू लागली. त्यांनी मला थांबवलं नाही. माझं संपल्यावर चष्मा काढून पुसला.

"बाई, मी विसरलेलो नाही," ते म्हणाले. "मी दोनदा विचारलं आहे सभागृहात. विषय विचाराधीन आहे."

"विचाराधीन असतानाच तिचे पाय गेले."

"मला दुःख आहे. पण मला सांगा, मी दुसरं काय करायला हवं होतं? बेकायदा खर्च डोळ्यांनी बघून गप्प बसायला हवं होतं? मग आम्हाला तिथे पाठवलंय कशाला?"

ते मनापासून विचारत होते. त्या क्षणी मला त्यांच्या थोबाडीत मारावीशी वाटली. एखादा निर्ढावलेला पुढारी असता तर तसं वाटलं नसतं.

"तुम्ही जेवलात तो भातही बेकायदाच होता," मी म्हणाले. "तुम्हाला कुठे होती मंजुरी?"

त्यांचा चेहरा उतरला. ते काहीतरी बोलणार होते, पण आत घंटा वाजली आणि त्यांना मतदानाला जावं लागलं. जाताना हात जोडून म्हणाले, "चहा घेतल्याशिवाय जाऊ नका." चहा आला. मी घेतला नाही.

डॉक्टरांनी पुढच्या वर्षी राजीनामा दिला आणि वऱ्हाडात जाऊन खाजगी दवाखाना घातला. जाताना माझ्याशी नीट बोलले नाहीत. पत्र लिहीन म्हणाले होते, लिहिलं नाही. मी राहिले. वडील घरी खाटेला खिळलेले, मी जाणार तरी कुठे? नवे प्रमुख आले. ते सौम्य होते, कुणाशी भांडत नसत, आणि रोगी पळाला तर 'स्वतःच्या मर्जीने गेला' असा शेरा लिहून मोकळे होत.

तरतूद झाली नाही. शेवटचं नकाराचं उत्तर आलं ते माझ्यासमोरच आलं. निधीअभावी प्रस्ताव स्वीकारता येत नाही, एवढंच. का कोण जाणे, मला वाटलं हे त्या आगरी बाईला सांगायला हवं. सुट्टीच्या दिवशी मी रोडपालीला गेले. ती मिठागरात होती. भर उन्हात, गुडघ्यापर्यंत पाण्यात, फळीने मीठ ओढत होती. पायांची कातडी खारवून फुटली होती. मला बघून बांधावर आली, पण बस म्हणाली नाही.

मी सांगितलं. ती हसली. बरं वाटलं म्हणून नव्हे.

"बाय, तुमी हे मला सांगाया उनातान्हाचं आलाव?"

"हो."

"मला एकच सांगा. त्यो म्हातारा माझ्या हातचं दोनदा मागून जेवला. डोळं पुसलंन त्यानं, मी बघितलं. मंग बंद करताना त्याला कायच वाटलं नाय?"

"वाटलं असेल," मी म्हणाले. "फार वाईट वाटलं असेल."

"आनि तरी केलंन?"

"तरी केलं."

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच त्यांच्यापैकी एक होते. मग म्हणाली, "असल्या मानसांशी तुमची वळख हाय, तुमीच बोला त्यांच्याशी." आणि ती पुन्हा पाण्यात उतरली. मी बांधावर थोडी थांबले. तिने वर पाहिलं नाही. मग मीही वळले आणि पनवेलची एसटी धरायला कळंबोलीच्या रस्त्याला लागले.